शपथ तोंडाची, तलप मेंदूची

बुलढाणा जिल्ह्यात दारू सोडायची म्हटले की माणूस शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला जाऊन शपथ घेतो, नाहीतर गळ्यात तुळशीची माळ घालतो. अशा निर्धाराने सावरलेले संसार गावोगाव आहेत. पण ज्याला सकाळी उठल्याउठल्या घोट लागतो, त्याने एका रात्रीत दारू सोडली तर पुढचे तीन-चार दिवस निर्धारावर निभत नाहीत.

मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाला दारू बळ देते आणि उत्तेजित करणाऱ्या ‘ग्लुटामेट’ला दाबते. वर्षानुवर्षे असे चालले की मेंदू तोल राखण्यासाठी स्वतःच बदलतो. शांत करणारी यंत्रणा बोथट होते, उत्तेजनाची वाढते. अशात दारू अचानक थांबली की दबलेली उत्तेजना उसळते. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या सुमारास काहींना भ्रम होतो. अंगावर किडे चालताना दिसतात, नसलेली माणसे हाका मारतात. डॉक्टर याला ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात. वेळेवर उपचार झाले नाहीत तर यात जीव जाऊ शकतो.

घरचे मात्र म्हणतात, ‘याला बाहेरचं झालं.’

मग ते उतरवायला काही जण पिंपळगाव सराईची, सैलानी बाबांच्या दर्ग्याची वाट धरतात. श्रद्धेला कोणी अडवू नये, पण आधी दवाखाना गाठायला हवा. तिथे झटके रोखणारी औषधे देऊन ती हळूहळू कमी केली जातात आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली जातात. हे जीवनसत्त्व न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन लावणे घातक ठरू शकते, कारण शरीरातला उरलासुरला ब-१ त्यात खर्ची पडतो. ब-१ च्या अभावाने होणारी मेंदूची हानी व्हर्निके यांनी १८८१ मध्ये आणि तिच्यातून जडणारा स्मृतिभ्रंश कोर्साकॉफ यांनी १८८७ मध्ये नोंदवला. हा स्मृतिभ्रंश बहुधा पूर्ण भरून येत नाही.

दारूने विचारशक्तीवर किती घाला घातला, हे एका कागदावरही अजमावता येते. रुग्णाला घड्याळ काढायला सांगतात आणि काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर दाखवायला सांगतात. मिनिटकाटा दोनच्या आकड्यावर हवा, पण ‘दहा’ ऐकताच हात दहाच्या आकड्याकडे ओढला जातो. ही पहिली ओढ आवरण्याचे काम कपाळामागचा मेंदू करतो. आठवडी बाजारातून परतताना देशीच्या दुकानासमोरून न थांबता पुढे जायलाही तोच लागतो, आणि दारू त्यालाच दुबळे करते. म्हणून ‘मनावर घे’ हा सल्ला एकटा पुरत नाही.

काही जोखीम घोट घेण्याआधीच असते. संशोधक हेन्री बेगलायटर यांनी १९८४ मध्ये व्यसनी बापांच्या ७ ते १३ वर्षांच्या मुलांचे मेंदूआलेख तपासले. दारूला न शिवलेल्या त्या मुलांतही लक्ष देण्याशी निगडित ‘पी-३००’ ही लहर क्षीण आढळली. याचा अर्थ मुलगा बापाच्याच वाटेने जाणार असा नाही. त्याला लवकर जपायला हवे, एवढाच आहे.

दुसरी बाजू आशेची आहे. दारू सुटलेल्या काही रुग्णांचा आक्रसलेला मेंदू पुन्हा भरू लागल्याचे कॅनडातल्या संशोधकांनी १९७८ मध्येच स्कॅनवर दाखवले होते. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. त्यांचे समुपदेशन मिळालेल्या, अतिमद्यपान करणाऱ्या, पण अजून पूर्ण आहारी न गेलेल्या पुरुषांपैकी ३६ टक्के तीन महिन्यांत धोक्याबाहेर आले. नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. हा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

तरीही २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलेतरी उपचार मिळतात.  बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर, चिखली, जळगाव जामोदच्या सरकारी दवाखान्यांत जागतिक आरोग्य संघटनेची मद्यपानाविषयीची दहा प्रश्नांची तपासणी, ब-१ ची इंजेक्शने आणि एक प्रशिक्षित समुपदेशक कायम असायला हवा. ग्रामसभेत दारूबंदीसाठी बाटली आडवी करणाऱ्या बायांनी ही मागणीही लावून धरावी. आणि घरातला माणूस उद्यापासून दारू सोडणार असेल, तर त्याला आजच डॉक्टरांकडे न्यावे. काय करावे ते सुचत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.