मोजलेला घास

लेक सुट्टीला बेळगावला आली की जेवायला बसण्याआधी फोन काढते. "आई, चमचाभर तूप म्हणजे 45 कॅलरी गं!" भाकरी तशीच राहते आणि चार वाजता पुड्यातली बिस्किटं खाते, पुड्यावर आकडा छापलेला असतो ना!

तसं मोजणं आपल्यालाही नवं नाही. तत्त्वार्थसूत्रातल्या सहा बाह्य तपांत अनशनानंतर लगेच अवमौदर्य येतं, म्हणजे आपली ऊनोदरी. पुरुषाचा पूर्ण आहार 32 घास, बाईचा 28. त्यातला एक घास कमी केला तरी ते तप. मग फरक कुठे? आकडा 'किती' ते सांगतो. काय खातोय, कशासाठी सोडतोय, ते सांगत नाही. ऊनोदरीत हात आपणहून थांबतो. लेकीचा हात भीतीनं थांबतो, आरशाच्या लाजेनं. ते तप नव्हे.

आणि आपण तरी काय करतो? कांदा-बटाटा नाही, दिवस मावळायच्या आत जेवलो, म्हणून तळलेलं पोट फुटेस्तोवर खातो. नियम पाळला, संयम राहिला.

काल तिला म्हटलं, "बाळ, फोन ठेव. तूप लावून भाकरी खा, सावकाश. थोडी भूक उरली की ऊठ." मग मीही तिच्यासोबत तसंच उठायचं ठरवलं. तेच जास्त अवघड गेलं.