शेणाचे गोकुळ, विटांचे नगर

दिवाळीच्या दिवसांत अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अनेक खेड्यांत दारासमोर शेणाचे गोकुळ मांडतात. सडा टाकून झाला की घरातली बाई ताज्या शेणाचा गोळा घेते, अंगणात वीतभरही उंच नसलेली भिंत चौकोनी फिरवते आणि एका बाजूला दाराची फट सोडते. मग आत गवळणी बसवते: खाली उभा गोळा, त्यावर डोके, डोक्यावर घागर. जवळ पेंद्या असतो, जाते असते, गाय असते. गवळणींच्या डोक्यात झेंडूची फुले खोचून ती हळदकुंकू वाहते. दुसऱ्या सकाळी पुन्हा नवे शेण, नव्या गवळणी. लेकरे भोवती बसून बघतात, फार तर फुले आणून देतात. मांडणारी मात्र मोठी, संसारी बाई असते आणि तिच्या या कामाला कोणी खेळ म्हणत नाही.

दिवाळीत अंगणात मांडतात त्या किल्ल्याचे तसे नाही. दगड-विटा रचून वर चिखलात भिजवलेले गोणपाट टाकायचे, हळीव पेरायचे, मातीचे मावळे मांडायचे, हे पोरांचे काम मानले जाते. वडील मंडळी त्यात हौसेने हात घालतात, पण ‘पोरांसाठी’ म्हणून. प्लास्टिकच्या विटांनी टेबलावर मध्ययुगीन नगर उभारणाऱ्या प्रौढाला तेवढीही सबब नसते. तट, वेस, लोहारशाळा, बाजारपेठ असे सगळे तो महिनोन्‌महिने एकेक वीट दाबून बसवतो. जाणत्या वयात हे करणे म्हणजे मोह, की आणखी काही, हा प्रश्न दिसतो त्याहून जुना आहे. भारतीय तत्त्वज्ञानाने तो आधी ईश्वरालाच विचारला होता.

ज्याला काही मिळवायचे उरलेले नाही, त्याने जग कशासाठी निर्माण केले? ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ही शंका आली आहे आणि तिथे उत्तर मिळते ते लीला या शब्दात. शंकराचार्य भाष्यात दोन दाखले देतात. सगळे काही मिळालेला राजा क्रीडा करतो ती काही साधायचे म्हणून नव्हे, आणि श्वासोच्छ्वास चालतो तोही बाहेरचा हेतू धरून नव्हे, स्वभावाने. या मांडणीत खेळ हे उणिवेचे लक्षण नाही, ते भरलेपणाचे आहे.

माणसाला मात्र हे उत्तर सरळ लागू होत नाही. तो तृप्त राजा नाही. छोट्या नगराची ओढ पुष्कळदा उणिवेतूनच येते: तिथे आग लागत नाही, दुष्काळ पडत नाही, वेस उघडायची की नाही हे आपण ठरवतो. ही सत्तेची हौस आहे आणि तिला लीला म्हणणे सोयीचे असले तरी खरे नाही.

गोकुळ मांडणाऱ्या याच अहिल्यानगर जिल्ह्यात नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ती सांगितली असे मानतात, तो खांब आजही तिथल्या मंदिरात आहे. अमृतानुभवात त्यांनी अज्ञानाला स्वतंत्र अस्तित्व नाकारले आणि जगाकडे चैतन्याचा विलास म्हणून पाहिले. त्या दृष्टीने मोठे गाव खरे आणि टेबलावरचे खोटे, ही वाटणी टिकत नाही. पण कर्त्याला त्यात सवलतही नाही, कारण विलास सगळा चैतन्याचा असेल तर ‘मी उभारले’ म्हणायला जागा राहत नाही.

विटेचा स्वभावही इथे विचारात घ्यावा लागतो. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने आजच्या रचनेच्या विटेचे पेटंट १९५८ साली मागितले. आठ खुंट्यांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात. बुरूज सुटला की वीट जशीच्या तशी हाती येते, त्याच विटेची उद्या विहीर होते. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला मातीचा दाखला देतो, तो चटकन आठवतो: घडा हे नाव, माती तेवढी खरी. दाखला पुरता मात्र जुळत नाही, कारण माती आकार सोडते आणि वीट स्वतःचा आकार सोडत नाही. ती स्वतःच एक घडा आहे.

खरा फरक पडतो तो शेवटाला. पूजेला आवाहन असते, उपचार असतात आणि विसर्जन असते. पार्थिव गणपती पाण्यात जातो. तिबेटी भिक्षू रंगीत वाळूचे मंडल कित्येक दिवस खपून घालतात. तेही चार दारांचा देवतेचा प्रासादच असते, आणि विधी संपला की ते पुसून वाळू वाहत्या पाण्यात सोडतात. विटांच्या नगराला आवाहन नाही आणि बहुधा विसर्जनही नाही. उरतात ते फक्त उपचार: निवड, निगा, तासन्‌तासांची एकाग्रता. सावता माळ्यांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला, असे म्हणून या निगेला पूजा ठरवण्याचा मोह होतो. पण वारकरी संतांनी पावित्र्य दिले ते पोट भरणाऱ्या कष्टाला. छंदाला तो आधार पुरत नाही.

म्हणून बोट ठेवायचे तर उभारण्यावर नव्हे, उभारलेले नगर जपून ठेवणाऱ्या काचेच्या कपाटावर ठेवावे. तिथे खेळ संपतो आणि संग्रह सुरू होतो. टिकाऊपणाने मालकी टिकते असेही नाही. अहिल्यानगरचा भुईकोट किल्ला अहमद निजामशहाने आधी मातीचा बांधला. १५५९ पासून हुसेन निजामशहाने तो दगडात घेतला. १६०० साली तो मोगलांकडे गेला, १६३६ साली निजामशाही संपली. पुढे १९४२ साली इंग्रजांनी तिथे नेहरूंना कैदेत ठेवले. तट उभाच होता, बांधणाऱ्यांचे मात्र कोणी उरले नव्हते.

नगर उकलणे हे उभारण्याइतकेच सावकाश करावे लागते. आधी कळस, मग छपरे, मग तट. घाईने ओढले तर चपट्या विटा एकमेकींना चिकटून राहतात आणि नखे दुखतात. रंगांप्रमाणे डबे भरतात, टेबल मोकळे होते. अंगणात पाडव्यानंतर गवळणींची फुले सुकलेली असतात, आणि वाळलेले शेण गोवऱ्यांच्या ढिगात जाते.