एका फोनची वाटणी

मार्च 2020 मध्ये कोविडमुळे शाळा बंद होऊन शिक्षण मोबाइलवर आले, तेव्हा डिजिटल दरी, म्हणजे साधन, जोडणी आणि वापराचे कौशल्य यांतील विषमता, बुलढाणा जिल्ह्यातही केवळ फोनच्या संख्येने मोजता येण्याजोगी नव्हती. ‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणाच्या अहवालानुसार ग्रामीण भारतात स्मार्टफोन असलेल्या घरांतील विद्यार्थ्यांचे प्रमाण 2018 मधील 36.5 टक्क्यांवरून 2020 मध्ये 61.8 टक्क्यांवर गेले. परंतु घरातला एकुलता एक फोन वडिलांसोबत शेतावर गेला की वर्ग संपतो आणि उरलेल्या वाटणीत मुलीचा क्रमांक बहुधा शेवटचा असतो, हे या आकड्यांत दिसत नाही. जिल्ह्यातील संग्रामपूर, जळगाव जामोदच्या सातपुडा पायथ्याशी तर नेटवर्कला आधी डोंगरच आडवा येतो. त्यामुळे जुलै 2020 मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर आलेली ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका, इंटरनेटविना पोहोचणारी असल्याने, चकचकीत ॲपांपेक्षा अधिक समन्यायी होती. अर्थात टीव्ही आणि वीज असलेल्या घरांपुरतीच.