चार चुडांच्या मधोमध

दहावीच्या मराठीत मुलं पत्र लिहितात, बातमी लिहितात, जाहिरात करतात. एखादं काम कसं करायचं, हे दुसऱ्याला ते करता येईल अशा भाषेत लिहिणं मात्र त्यांना कुणी शिकवत नाही. मला ही मोठी उणीव वाटते. निबंधात शब्द ढिला पडला तर एखादा गुण जातो. कृती सांगताना ढिला पडला तर पुढच्याचं काम बिघडतं.

हे शिकवायला सोमाटणे फाट्याजवळच्या परंदवडीसारख्या गावात साहित्य शोधत हिंडावं लागणार नाही. मावळ हा भाताचा मुलूख. डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भातशेती म्हणजे कृतिलेखनाचा नमुनाच. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख मिसळायची, चिखलणीआधी गिरिपुष्पाचा पाला खाचरात घालायचा, 15 आणि 25 सेंटिमीटरच्या आलटून-पालटून खुणा केलेल्या दोरीवर लावणी करायची, आणि चार चुडांच्या चौकोनात युरिया-डीएपीची एक गोळी खोचायची.

यातलं चौथं सूत्र शाळेच्या अंगणात आणावं. चुडांऐवजी काटक्या, खताऐवजी मातीच्या गोळ्या, खुणांची दोरी आणि ओली केलेली जमीन, एवढं पुरे. एका गटाने आधी काम करावं, मग ते लिहावं. दुसऱ्या गटाने तो कागद घेऊन, काही न विचारता, लिहिलंय तेवढंच करावं. लिहिणाऱ्यांनी तेव्हा गप्प राहायचं. ही अट सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाची.

‘गोळी मधोमध खोचा’ एवढंच लिहिलं असेल तर पोरं अडतात. कुठल्या चौकोनात? 15 सेंटिमीटरच्या; 25 च्या मोकळ्या पट्ट्यात नाही. किती खोल? 7 ते 10 सेंटिमीटर. शेतात हे केव्हा करायचं? लावणीच्याच दिवशी. प्रत्येक अडखळण्यातून एक शब्द किंवा एक आकडा कागदावर येतो, क्रम सुधारतो. इतकं खोल का, हेही मग कुणीतरी विचारतंच. वर फेकलेल्या युरियातलं नत्र पाण्याबरोबर वाहून जातं, हवेत उडून जातं. खोल खोचलेली गोळी ते मुळांना हळूहळू देते. कारण कळलेला मुलगा खोलीचा आकडा पुन्हा गाळत नाही.

आई-बापांचं पाहून पोरं शिकतातच, लिहायचं कशाला, असं कुणी म्हणेल. पाहून शिकण्यासाठी पाहायला शेत लागतं, आणि तळेगावच्या आसपास शेतांचे प्लॉट होताना आपण बघतोच आहोत. शिवाय उद्या कारखान्यात यंत्राशेजारी लावलेली सूचना याच मुलांना वाचायची आहे, कधी लिहायचीही आहे. तिथे चुकीची किंमत गुणांत मोजत नाहीत.

हाताने काम करत शिकण्याची वाट डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पाबळच्या विज्ञान आश्रमात 1983 पासून घालून दिली. त्या वाटेवर भाषेचा तासही यायला हवा. कार्यानुभवाच्या तासाला हात चालतात आणि मराठीच्या तासाला पेन. दोन्हींची गाठ पडत नाही, हे मला पटत नाही.

मावळातल्या मराठीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: येत्या लावणीच्या दिवसांत एक तास वर्गाबाहेर घ्या, आणि मुलांचं लेखन लाल पेनाने तपासण्याआधी दुसऱ्या मुलांच्या हातांना तपासू द्या.