दोनशे छत्तीस फुगे

घरात मूल तापाने फणफणले आणि थर्मामीटरचा पारा १०३ वर गेला, की आपण पहिल्याने काय करतो? थर्मामीटर झटकतो आणि पुन्हा लावतो. नीट लागला नसेल, मघाशी गरम दूध प्यायला होता, असे काहीबाही मनाशी म्हणतो. तोच पारा ९८ वर थांबला, तर दुसऱ्यांदा पाहण्याची आठवण कुणालाच होत नाही. नावडत्या आकड्याची आपण जशी झडती घेतो, तशी आवडत्या आकड्याची घेत नाही. हे शहाणपण की पक्षपात, असा प्रश्न मला पडतो तेव्हा एका फ्रेंच गृहस्थाचे फुगे आठवतात.

वाईहून घाट चढून महाबळेश्वरला गेले की गारवा लागतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. सूर्याच्या जवळ जाऊन थंडी कशी, असे मुले विचारतात आणि मोठी माणसे विषय बदलतात! खरी गोष्ट अशी, की ऊन हवेला थेट फारसे तापवीत नाही. ते जमिनीला तापवते आणि जमीन हवेला. शिवाय वर चढणारी हवा पसरते आणि पसरताना निवते. दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उष्णतामान उतरते. १८६२ साली ग्लेशर आणि कॉक्सवेल हे दोघे इंग्रज बलूनमधून इतके उंच गेले की ग्लेशर बेशुद्ध पडला, आणि हात गारठून निकामी झालेल्या कॉक्सवेलने झडपेची दोरी दातांनी ओढली, म्हणून दोघे वाचले. उंच जावे तसतशी थंडी वाढतच जाणार, हे सर्वांनी गृहीत धरले होते.

लेआँ तेसराँक द बोर याने व्हर्सायजवळच्या त्राप या गावी १८९६ मध्ये स्वतःची वेधशाळा काढली. स्वतःच नोंद करणारी उपकरणे कागदी फुग्यांना बांधून तो आकाशात सोडी. नोंदी पाहताना त्याला दिसले, की सुमारे अकरा किलोमीटरांवर उष्णतामान उतरायचे थांबते. पहिला संशय त्याने उपकरणावरच घेतला. उन्हाने ते तापत असेल, म्हणून त्याने रात्री फुगे सोडले. रेघ तिथेच थबकली. उन्हाळ्यात, हिवाळ्यात, पुन्हा पुन्हा सोडले. २३६ फुगे झाल्यावर, २८ एप्रिल १९०२ रोजी, पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे त्याने आपले म्हणणे मांडले.

खालच्या थराला आपण तपांबर म्हणतो, वरच्याला स्थितांबर. स्थितांबरात ओझोन सूर्याचे अतिनील किरण शोषतो, म्हणून तिथे वर जावे तसे उष्णतामान चढत जाऊन पन्नास किलोमीटरांपाशी शून्याच्या आसपास येते. त्याच्याही वर ते पुन्हा उतरते आणि पुन्हा चढते. पण तिथली हवा इतकी विरळ, की हजार अंशांनीही अंग भाजायचे नाही. मला गंमत वाटते ती आपल्या मुलखाची. खाली घामाच्या धारा, आणि डोक्यावर सोळा-सतरा किलोमीटरांवर उणे ऐंशी अंशांच्या आसपास थंडी. तेवढी थंडी युरोपवरच्या तपांबराच्या माथ्यावरही सहसा नसते. आपल्याकडे तपांबराची उतरंड अधिक उंच जाते, एवढेच कारण.

या ओझोनचीच दुसरी गोष्ट आहे. दक्षिण ध्रुवाकडच्या हॅली बे येथे इंग्रज शास्त्रज्ञ अनेक वर्षे ओझोन मोजत होते. आकडे घसरू लागले तेव्हा जोसेफ फार्मनला वाटले, यंत्र जुने झाले. त्याने दुसरे यंत्र मागवले. तेही तेच सांगू लागले. १९८५ साली त्याने दोन सहकाऱ्यांसह ते जाहीर केले. त्याच भागावरून अमेरिकेचा उपग्रहही फिरत होता आणि त्यालाही घट दिसली होती. पण फार कमी आकडा आला की 'संशयास्पद' अशी खूण करून तो बाजूला ठेवावा, अशी तिथल्या गणनयंत्राला शिकवण होती. ते आकडे कुणी फेकून दिले नव्हते, लबाडीही केली नव्हती. ते नंतर तपासायचे होते, इतकेच.

संशय तर दोन्हीकडे होता. एकाने संशयापोटी रात्र जागवली, एकाने नवे यंत्र आणवले; गणनयंत्राचा संशय मात्र बिनखर्चाचा होता. खूण केली की काम संपले. थर्मामीटर झटकणाऱ्या आईला मी दोष देणार नाही. ती निदान पुन्हा लावते तरी, आणि दुसऱ्यांदा १०३ आले की पदर खोचून उठते. ९८ पाहून निश्चिंत झोपणारे आपण सर्व, त्यांचे काय करायचे?

आणि फुगे तरी किती सोडायचे? पन्नासाव्या फुग्यानंतर तेसराँक बोलला असता तर ते घाईचे ठरले असते काय? मला सांगता येत नाही. बर्लिनमध्ये रिचर्ड आसमान हाही रबरी फुगे सोडून त्याच निष्कर्षाला पोहोचला होता, आणि त्याने तो तिथल्या अकादमीपुढे ठेवला १ मे १९०२ रोजी, अवघ्या तीन दिवसांनी. तेसराँकला आणखी आठवडाभर शंका आली असती, तर तो दुसरा ठरला असता. एवढे असूनही त्या वसंतात त्राप येथे एखादा फुगा त्याने घाईने कमी सोडला असेल, असे मला वाटत नाही.