तीही एक उम्मतच

कॉटन ग्रीन या नावात हिरवळ असली तरी प्रत्यक्षात तिथे गोदामे आहेत. कापसाच्या गाठी रचण्याची जागा फोर्टातून कुलाब्याला गेली आणि विसाव्या शतकात शिवडीजवळच्या भरावाच्या जमिनीवर आली. नाव तेवढे सोबत आले. पुढे कापसाचा व्यापारही ओसरला. आता बंदराच्या या जमिनीवर गोदामे आहेत, ट्रकांच्या रांगा आहेत आणि दारूखाना, रे रोडपर्यंत कष्टकऱ्यांची वस्ती आहे. या जागेत माणसाखालोखाल कोणी बस्तान बसवले असेल तर ते भटक्या कुत्र्यांनी. सांडलेल्या मालावर उंदीर जगतात, उष्ट्या-खरकट्यावर कुत्री जगतात, आणि रात्री रस्ता त्यांचा होतो.

फजरच्या नमाजला निघालेल्या वृद्धाला किंवा रात्रपाळी संपवून येणाऱ्या माथाडीला विचारा. ही ब्याद उचलून न्या, असे तो म्हणेल. बिस्किटांचे पुडे घेऊन येणाऱ्या बाईंना विचारा. हे मुके जीव कुठे जातील, असे त्या म्हणतील. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. म्हणूनच हा प्रश्न केवळ महापालिकेचा राहत नाही, तो नीतीचा होतो. ज्या जनावराला धनी नाही ते सर्वांच्या जमिनीवर वाढत गेले, तर त्याचे काय करायचे? आणि त्याची किंमत कोणी मोजायची?

आम्हा मुसलमानांपुढे याआधी आणखी एक गाठ सोडवायची असते. कुत्रा नापाक, ही गोष्ट आमच्या घरातले मूल चालायला लागले की शिकते. आम्ही शाळेत शिकवतो, तिथे एखादा मुलगा सरळ विचारतो, ‘सर, नापाक आहे तर दगड मारला तर काय बिघडले?’ त्याला उत्तर द्यावेच लागते. फिकहमध्ये चर्चा आहे ती कुत्र्याच्या लाळेची. भांडे किती वेळा धुवायचे यावर शाफई आणि हनफी मतांत फरक आहे, इमाम मालिक यांचे मत तर आणखी सौम्य आहे. पण भांडे धुण्याचा हुकूम म्हणजे जीव घेण्याचा परवाना, असे कोणत्याही इमामांनी म्हटलेले नाही. उलट तहानेने माती चाटणाऱ्या कुत्र्याला मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्या माणसाला अल्लाहने क्षमा केली, ही हदीस बुखारीत आहे. असहाब-ए-कहफच्या सोबत गुहेच्या तोंडाशी बसलेल्या कुत्र्याची आठवण खुद्द कुरआनने ठेवली आहे. पवित्रतेचे नियम आपल्या शरीरासाठी आहेत, दुसऱ्याच्या जिवाची किंमत ठरवण्यासाठी नाहीत.

सूरह अनआमच्या अडतिसाव्या आयतीचा आशय असा की, जमिनीवर चालणारे आणि पंखांनी उडणारे जीव या तुमच्यासारख्याच उम्मती आहेत. उम्मत हा शब्द आम्ही स्वतःसाठी किती अभिमानाने वापरतो! तोच शब्द इथे जनावरांना दिला आहे. मात्र याच दीनने चावऱ्या कुत्र्याला मारण्याची मुभा इहराममध्येसुद्धा दिली आहे, आणि कोणाला इजा पोहोचवू नये, इजा सोसायलाही लावू नये, हा कायदा सांगितला आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. तेव्हा दयेच्या नावाखाली लहान मुलांना या धोक्यात सोडणे हीही दीनची शिकवण नव्हे.

माणसाने आजवर तीन सोपे मार्ग काढले. पहिला, मारून टाकण्याचा. मुंबईत हे जुने आहे. १८३२ च्या जूनमध्ये कंपनी सरकारच्या कुत्री मारण्याच्या मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला होता, कारण त्यांच्या धर्मात कुत्र्याला मान आहे. त्यानंतरही १९९० च्या दशकापर्यंत या शहरात कुत्री मारली जात राहिली, आणि कुत्री संपली नाहीत. मोकळी झालेली जागा आणि तिथला कचरा नव्या कुत्र्यांना बोलावतच राहिला.

दुसरा मार्ग, नजरेआड करण्याचा. १९१० मध्ये इस्तंबूलच्या रस्त्यांवरची हजारो कुत्री बोटींत भरून मार्मारा समुद्रातल्या एका ओसाड बेटावर सोडण्यात आली. ती तिथे भुकेने आणि तहानेने मेली. हे शहर खिलाफतीचे होते, हे आम्ही विसरू नये.

तिसरा मार्ग अमेरिकेचा. तिथल्या पश्चिमेकडच्या सरकारी कुरणांवर मोकाट घोडे आहेत. त्यांना रानटी म्हणतात, पण तीही माणसाच्या हातून सुटलेल्या पाळीव घोड्यांचीच अवलाद. १९७१ मध्ये कायदा करून त्यांना संरक्षण मिळाले. संरक्षण झाले, पण जन्मावरचा ताबा मागे पडला. कुरणे सुमारे २५ ते २७ हजार जनावरे पोसू शकतील असा सरकारी अंदाज असताना २०२४ मध्ये तिथे ७० हजारांहून अधिक घोडे आणि गाढवे होती. हेलिकॉप्टरने हाकलून पकडलेली आणखी हजारो जनावरे सरकारी खर्चाने कुंपणात उभी आहेत. ज्या स्वातंत्र्यावर लोकांचे प्रेम जडले होते, तेच त्या जनावरांचे गेले.

सर्वांच्या कुरणाचा प्रश्न आमच्या इतिहासातही येऊन गेला आहे. मदीनेजवळ राखीव चराऊ जमिनी असत, त्यांना ‘हिमा’ म्हणत. हजरत उमर (रजि.) यांनी एका हिमावर आपला मुक्त केलेला गुलाम हुनैय्य याला नेमले, तेव्हाची त्यांची ताकीद बुखारीत आली आहे. तिचा आशय असा: मोजकी मेंढरे आणि उंट असलेल्या गरिबाला आत येऊ दे, मोठे कळप असलेल्या इब्ने औफ आणि इब्ने अफ्फान यांना आवर. त्यांची जनावरे मेली तर ते खजुरीच्या बागांकडे आणि शेतीकडे वळतील. गरिबाची मेली तर तो पोरेबाळे घेऊन माझ्या दारात येईल. हुकूम चराईचा आहे, पण त्यातला न्याय आमच्या रस्त्यालाही लागू पडतो. सर्वांच्या जमिनीला मर्यादा हवी, आणि ती ठरवताना ज्याला दुसरा आधार नाही त्याचा विचार आधी हवा.

या कसोटीवर दोन्ही बाजू तपासून पाहाव्यात. गाडीतून येऊन खाऊ घालून जाणाऱ्याची दया खरी असेल, पण तिचे बिल पायी चालणारा भरतो. आणि ‘उचलून न्या’ म्हणणाऱ्याचा त्रास खरा असेल, पण त्याचे बिल तो मुका जीव भरतो. दुसऱ्याच्या खिशातून दिलेली खैरात कबूल होत नाही, हे आम्ही जकातीच्या बाबतीत मानतो, मग इथे का मानू नये?

उरतो तो मार्ग कष्टाचा आहे: नसबंदी, रेबीजची लस आणि कचऱ्याचा बंदोबस्त. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २००१ मध्ये आणि नंतर २०२३ मध्ये त्याचे नियम झाले. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडतात आणि त्याला त्याच्याच गल्लीत परत सोडतात, म्हणजे नवे कुत्रे तिथे सहजी शिरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी हीच दिशा ठेवली, मात्र पिसाळलेल्या आणि आक्रमक कुत्र्यांना वगळले; ७ नोव्हेंबरला शाळा, इस्पितळे, बस आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातली कुत्री निवाऱ्यात हलवण्यास सांगितले. हे निवारे खरेच निवारे होतात की इस्तंबूलचे बेट, यावर लक्ष ठेवणे हे नागरिकांचे काम आहे.

नसबंदी म्हणजे अल्लाहच्या निर्मितीत ढवळाढवळ, अशी शंका काही जण घेतात. काही उलेमांनी जनावर खस्सी करणे नापसंत केले आहे हे खरे. पण हनफी फिकह फायद्यासाठी त्याला परवानगी देते, आणि खस्सी बोकडाची कुर्बानी आम्ही बिनदिक्कत करतो. मांसासाठी जे चालते, ते पिलांना गाडीखाली येण्यापासून आणि मुलांना रेबीजपासून वाचवण्यासाठी चालू नये, हे तर्काला पटत नाही.

कचऱ्याबाबत तर आमच्या मोहल्ल्यांना बोट दाखवायला जागा नाही. मटणाच्या दुकानांमागे टाकलेली आतडी, लग्नाच्या दावतीचे उष्टे, बकरी ईदनंतर वेळेत न उचललेले अवशेष यांवरच ही पिढी पोसली जाते. रात्री तिला जेवू घालायचे आणि सकाळी तिच्या नावाने ओरडायचे, हे बरे नव्हे. चावा झाल्यास हळद-मिरची न भरता जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच पालिकेच्या इस्पितळात जाऊन लस पूर्ण घ्यावी, एवढे तरी जुम्याच्या बयानातून सांगितले जावे.

तेराव्या शतकातले दमिश्कचे आलिम इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम यांनी लिहून ठेवले आहे की जनावर म्हातारे किंवा आजारी होऊन निरुपयोगी झाले तरी त्याचा खर्च मालकावर राहतो. रस्त्यावरच्या कुत्र्याला असा मालक नाही. पण त्याच्या पूर्वजांना रानातून उंबरठ्यावर आणले ते माणसानेच, राखणीसाठी आणि शिकारीसाठी. गरज संपली म्हणून ते बेवारस ठरले. बेवारस मालाची जबाबदारी बैतुलमालवर, म्हणजे आपणा सर्वांवर येते. महापालिका ती आपल्या वतीने उचलते. ती नीट उचलते की नाही हे विचारणे आणि आपल्या दारातला वाटा स्वतः उचलणे, हे आपल्यावर फर्ज आहे.