समदृष्टी आणि तांब्याभर पाणी

सर्व भूतांच्या ठिकाणी समदृष्टी ठेवावी, हे आपण वारकरी लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कीर्तनात ते सांगणे सोपे जाते. कारण तिथे कोणी उठून 'म्हणजे उद्या सकाळी नेमके काय करू?' असे विचारीत नाही. राहूस सप्ताहाच्या दिवसांत एका माउलीने ते विचारले, आणि तेही एका कोरफडीच्या निमित्ताने.

तिच्या अंगणात तुळशीवृंदावन आहे. शेजारी जुन्या डब्यात तिने कोरफड लावली होती. रोज स्नान झाले की एक तांब्या तुळशीला आणि तसाच दुसरा तांब्या कोरफडीला. एकीला द्यावे आणि दुसरीला कोरडे ठेवावे, असा दुजाभाव देवाच्या अंगणात कशाला, हा तिचा भाव. तुळस छान डवरली. कोरफड मात्र बुडाशी मऊ पडली, पाने पाणचट पिवळी होऊन लोळली, आणि एके दिवशी हात लावताच झाड नुसते उचलून आले. खाली मुळे राहिलीच नव्हती, कुजून गेली होती. "बुवा, मी दोघींना सारखेच केले की! मग एक का मेली?" असा तिचा प्रश्न.

जमलेल्या मंडळींपैकी काही हसले. हसण्यासारखे त्यात काही नव्हते. शास्त्रातल्या एका मोठ्या शंकेला त्या बाईने तांब्यासकट हात घातला होता. समदृष्टी म्हणजे समान वाटप काय? तसे असेल, तर तिच्या हातून धर्मच घडला. मग धर्म केल्याने जीव कसा गेला? आणि तसे नसेल, तर समदृष्टी हा शब्द आपण इतकी वर्षे कोणत्या अर्थाने वापरीत आलो?

आधी त्या झाडाचा स्वभाव पाहू. वैद्यकाच्या ग्रंथांत कोरफडीला कुमारी म्हणतात, घृतकुमारी म्हणतात, आणि आणखी एक गोड नाव आहे, गृहकन्या. घरची लेक. ती मूळची अरबस्तानाकडची, असे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात. जिथे पाऊस कधी येईल ह्याचा भरवसा नाही, तिथे वाढलेली. म्हणून मिळेल ते पाणी पानांतल्या गरात साठवून ठेवते. तुळशीसारखी झाडे दिवसा पानांवरची सूक्ष्म रंध्रे उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू घेतात, आणि त्या उघड्या दारातून त्यांचे पाणीही उडून जाते. कोरफड दिवसा दारे मिटून बसते. ती रात्री रंध्रे उघडते, तो वायू घेऊन आम्लाच्या रूपाने साठवते, आणि दिवसा ऊन आले की दारे बंद ठेवून त्याच शिदोरीवर आपले अन्न तयार करते. एकादशीच्या जागरणाची आठवण व्हावी असा तिचा नेम आहे! अशा झाडाच्या मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सदा ओली राहिली की मुळे गुदमरतात, मग कुजतात. आपल्याकडे कोरफड मुळासकट दारावर उलटी टांगतात. मातीशिवाय, पाण्याशिवाय ती महिनोन्‌महिने हिरवी राहते, हे पुष्कळांच्या पाहण्यातले आहे. तिला रोज तांब्याभर पाणी म्हणजे पोट भरलेल्या पाहुण्याच्या तोंडात घास कोंबण्यासारखे झाले.

आता गीतेकडे वळू. पाचव्या अध्यायात विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि चांडाळ ह्यांच्या ठिकाणी जे सम पाहतात त्यांना पंडित म्हटले आहे. शब्द आहे 'समदर्शी'. 'दर्शी' म्हणजे पाहणारा. 'समदायी', म्हणजे सारखे देणारा, असे भगवंतांनी म्हटलेले नाही. आणि त्या यादीत हत्ती आणि कुत्रा शेजारी शेजारी बसविले आहेत, ही मोठी मौज आहे. हत्तीपुढे टाकलेला चाऱ्याचा भारा कुत्र्यापुढे टाकला तर तो समदृष्टीचा विजय म्हणायचा, की कुत्र्याचा उपवास? दृष्टी सम असली की हात आपोआप विषम होतो. कारण सम दृष्टीने पाहणाराच प्रत्येकाचे पोट वेगळे आहे हे पाहतो. ज्याची दृष्टी नसते, त्याला माप लागते.

आपल्या दिंडीतच पाहा ना. तुकोबारायांच्या पालखीचा यवतचा मुक्काम राहूकरांना जवळचा. तिथल्या पंगती पुष्कळांनी वाढल्या असतील. पंगत एक, पत्रावळ एक, भाकरी एक. कोण कुठला, हे कोणी विचारीत नाही. पण वाढणारा शहाणा असेल तर पोराला अर्धी भाकरी घालतो आणि दिवसभर पखवाज वाजविलेल्या गड्याला न विचारता तिसरी वाढतो. ह्यात भेदभाव झाला असे आजवर कोणी म्हटलेले नाही. एकादशीचेही तेच. व्रत सर्वांचे, तरी आजाऱ्याला आणि लेकराला शास्त्राने मोकळीक ठेवली आहे. नाथमहाराजांनी रामेश्वरासाठी नेलेली गंगेची कावड तहानेने तळमळणाऱ्या गाढवाला पाजली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तिथे त्यांनी माप काढले नाही. कोणाचा घसा कोरडा आहे तेवढे पाहिले.

इथपर्यंत कोणाला हरकत असू नये. परंतु खरी अडचण ह्यापुढे आहे, आणि ती आपल्याच घरातली असल्याने कीर्तनकाराने टाळू नये.

'ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे' हे वाक्य फार निसरडे आहे. एकदा ते तोंडात बसले, की दुसऱ्याची गरज आपणच ठरवू लागतो, आणि ती नेमकी आपल्या सोयीची निघते. आम्ही पाठशाळेत 'अधिकारभेद' हा शब्द शिकलो. शब्द शास्त्रशुद्ध आहे. पण त्याच शब्दाच्या आडोशाने कित्येक पिढ्या आपल्याच बांधवांना देवाच्या दाराबाहेर उभे केले गेले. चंद्रभागेच्या वाळवंटात जे गळ्यात गळा घालीत, त्यांतल्याच काहींना राउळाच्या पायरीशी थांबावे लागे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरास प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा पांडुरंगाचे मंदिर सर्वांना खुले झाले. त्या वेळीही विरोध करणाऱ्यांच्या हाती पोथ्याच होत्या. म्हणून इथे एक सीमा स्पष्ट आखली पाहिजे. पाण्याचे माप वेगळे असू शकते; अंगणातली जागा वेगळी असू शकत नाही. जास्त पाण्याने कोरफड कुजते हे डोळ्यांना दिसते. दर्शनाने कोणाची मुळे कुजल्याचे अजून ऐकिवात नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी आम्हाला ह्याहूनही जास्त खुपते. कोरफडीला कमी लागते, हे खरे. 'तिला काही लागतच नाही' हे खोटे. ह्या दोन वाक्यांत एका पावलाचे अंतर आहे, आणि ते पाऊल आपण हसत हसत टाकतो. घराघरांत अशी एक गृहकन्या असते. कुठे ती सून असते, कुठे विधवा बहीण, कुठे म्हातारी आई. सर्वांची जेवणे झाल्यावर ती जेवते. भाजी संपली तर चटणीशी खाते. तिच्यापुरते दूध उरत नाही, औषध लांबणीवर पडते, आणि घरातले लोक कौतुकाने सांगतात, "तिचे काही मागणेच नसते हो, फार सोशिक." सोशिकपणाचे हे कौतुक आम्हाला भयंकर वाटते. कोपऱ्यातल्या कोरफडीचेही असेच करतात. चार महिने तिच्याकडे कोणी पाहत नाही, पाने बारीक होऊन आत वळतात, तांबूस पडतात, आणि तरी ती हिरवट दिसते म्हणून सगळे म्हणतात, काय चिवट झाड आहे! चिवट असणे हा झाडाचा गुण झाला. त्यावरून आपले कर्तव्य संपते, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

राहूसारख्या गावाला हे पाण्याचे गणित वेगळे शिकवायला नको. एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला मुळा-मुठा. मधल्या ह्या पट्ट्याला राहू बेट म्हणतात. पाऊस बेताचा, पण नद्यांचे पाणी उपसून ऊस उभा राहिला, गुऱ्हाळे चालली, घरे उभी राहिली. त्याच काळ्या जमिनीत पाणी मोकाट सोडले आणि निचरा ठेवला नाही, तर खालचे क्षार वर येतात, पांढरी फुटते, आणि जिथे उसाचा फड होता तिथे गवतही धड धरत नाही. हे कोरफडीच्या डब्याचेच मोठे रूप झाले. डब्याला भोक नव्हते, शेताला चर नव्हता. आणि त्याच वेळी खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी हवेली-दौंड ओलांडून इंदापूरकडे जाते, तिथे शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला वरचा म्हणतो, "तुमची ज्वारीची जमीन, तुम्हाला कशाला एवढे पाणी?" वरच्याचा ऊस बुडतो आणि खालच्याची ज्वारी करपते. दोघांच्याही तोंडी 'गरज' हाच शब्द असतो.

मग गरज ठरवायची कोणी? त्या माउलीला आम्ही एवढेच सांगितले, की गरज देणाऱ्याने ठरवायची नाही आणि सवयीनेही ठरवायची नाही; ज्याला द्यायचे त्याच्या अंगावर ती लिहिलेली असते, ती वाचायची. कोरफडीच्या मातीत बोट दोन पेरे घालून पाहावे. खालीही कोरडी लागली तर पाणी भरपूर द्यावे, बुडातून निथळू द्यावे, आणि पुन्हा पूर्ण वाळेपर्यंत थांबावे. उन्हाळ्यात हे आठ-दहा दिवसांनी येईल, थंडीत तीन-तीन आठवडे येणार नाही, आणि पावसाळ्यात तर डबा वळचणीपासून दूर ठेवणे हीच काळजी. पान पिवळे, मऊ, पाणचट झाले तर पाणी जास्त झाले. बारीक, वळलेले असले तर कमी झाले. देणे पंधरवड्याने असले तरी पाहणे मात्र रोजचे हवे. खरे कष्ट ह्या पाहण्यात आहेत. तांब्या ओतायला काय लागते? ओतून झाले की आपल्याला बरे वाटते, आणि ते बरे वाटणे आपण झाडाच्या खाती जमा करतो.

काही जिवांना तर देऊच नये, नुसते पाहावे. आपल्याच पुणे जिल्ह्यात शिवनेरीच्या आणि वज्रगडाच्या कड्यांवर शिंदळ माकुडी नावाचे एक लहान मांसल झाड आहे. हल्ली त्याला शिवसुमन असेही म्हणतात. महाराष्ट्राबाहेर ते कुठे रानात उगवत नाही. डाल्झेल नावाच्या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६० नंतरच्या दशकात त्याचे वर्णन केले आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर फ्रिअर ह्यांचे नाव त्याला दिले. कड्याच्या भेगेत मूठभर मातीवर ते राहते, उन्हाळ्यात पाने टाकून नुसत्या जाड देठांनी तग धरते, आणि पाऊस आला की गडद तांबडी, पिवळ्या ठिपक्यांची फुले धरते. फार दुर्मिळ झाले आहे. ते पाहून कोणाला वाटेल, घरी नेऊन जपावे. अशा वेळी हात मागे घेणे, हेच त्याचे जपणे. नेणाऱ्याच्या मनात प्रेम नसते असे नाही. पण त्या प्रेमाला कडा दिसत नाही, फक्त आपली कुंडी दिसते.

राहूच्या माउलीने नवी कोरफड लावायची म्हटले, म्हणून थोडे त्याविषयी. मोठ्या झाडाच्या बुडाशी पिल्ले येतात. चार बोटे वाढलेले, स्वतःची मुळे धरलेले पिल्लू हलक्या हाताने वेगळे करावे, आणि लगेच लावू नये. दोन-तीन दिवस सावलीत ठेवले की कापलेली जागा वाळून धरते. मातीत निम्मी जाड वाळू आणि विटांचा चुरा घालावा, डब्याच्या बुडाला भोके पाडावीत. लावल्यावर पहिले चार-सहा दिवस पाणी नाही. तेवढ्यात घाबरून तांब्या उचलू नये. सकाळचे ऊन मिळेल अशी जागा द्यावी, आणि ती तुळशीच्या शेजारीच असली तरी चालेल.